पाणी मुरतं तिथे

एकोणीस वर्षांचा होतो, तेव्हा मी माती खाल्ली.
म्हणजे सिमेंट कालवलं.
न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, आमच्या गावच्या चॅपलला
चहूबाजूंनी खुराड्याची जाळी ठोकली
आणि वर दोन बोटं जाडीचा गिलावा.
"आता पन्नास वर्षं बघायला नको,"
ठेकेदार म्हणाला.
आणि आम्ही कोणीच बघितलं नाही.

त्याआधी दर जूनमध्ये बायका यायच्या लिंपायला.
पोन्सियाना मावशी शिडीवर, परकर खोचून,
खाली पोरं चिखलात, वरून शिव्या.
त्या वर्षी त्या बायका सावलीत बसून राहिल्या
हात मांडीवर ठेवून,
जसे ते हात कोणी दुसऱ्याने विसरून ठेवलेत.

मग एकेचाळीस हिवाळे.
बाहेरून भिंत तुकतुकीत,
आत कुठेतरी पाणी मुरत होतं.
छपराच्या कडेला केसाएवढी भेग,
तिच्यातून वितळता बर्फ उतरायचा
आणि त्याला परतीची वाट नसायची.
"भिंतीला घाम यावा लागतो,"
पोन्सियानाची लिब्राडा म्हणते,
"तुम्ही तिला रेनकोट घातलात
आणि गळ्यापर्यंत शिवून टाकलात."

यंदा छिन्नी मीच मागून घेतली.
पहिला पोपडा निघाला दाराएवढा.
मागून वास आला, ओल्या कुत्र्याचा.
खालच्या चार थरांत विटा राहिल्याच नव्हत्या,
हात कोपरापर्यंत आत गेला
लापशीत जावा तसा.
वरच्या कोरड्या विटेत मात्र एक गव्हाची काडी,
अजून पिवळीधमक.
तिला कोणी सांगितलंच नव्हतं
की तो उन्हाळा संपला.

सिमेंट ट्रकने नेलं. अकरा खेपा,
चाळीस मैलांवरच्या डेपोत, टनावारी पैसे मोजून.
तिथे ते पडून राहील,
माझ्या नातवंडांना पुरून उरेल.
भिंतीतला चिखल अंगणात ओढला,
नवी काड टाकली, वाळू टाकली, तुडवला.
कोण जाणे कोणी तुडवला होता तो पहिल्यांदा.
त्याच्या पावलांवर माझी पावलं,
आणि माझे गुडघे दुखतात.

लिब्राडा चिमूटभर जिभेवर ठेवते.
दाताखाली करकरली पाहिजे,
टाळूला चिकटून बसता कामा नये.
थुंकते. "अजून दोन घमेली वाळू."
ती रोज खाते माती.
मी एकदाच खाल्ली.

विटा साच्यातून सुटतात, अंगणभर पसरतात,
चार दिवसांनी कडेवर उभ्या करायच्या.
भट्टी नाही, धूर नाही,
जळण म्हणजे फक्त दुपार.
पाकोळ्या येऊन ढिगातून चोच चोच चिखल नेतात,
त्यांना प्रमाण कोणी शिकवलं नाही
आणि त्या आम्हाला काही विचारत नाहीत.

सांता फेहून एलिसेओ नावाचा पोरगा आला,
हातात ओलावा मोजायचं यंत्र.
"हे किती वर्षं टिकेल?"
"तुम्ही येत राहाल तितकी,"
लिब्राडा म्हणाली, आणि त्याच्या हातात
यंत्र होतं तिथे बादली दिली.
बूट चांगले होते बिचाऱ्याचे.

शेवटचा हात अभ्रकाच्या मातीचा,
मेंढीच्या कातड्याने घोटून घोटून.
संध्याकाळी भिंत मासळीच्या पाठीसारखी चमकली.
मी घरी गेलो, जेवलो नाही, झोपलो.

ऑगस्टमध्ये रात्रभर गारा.
उजाडताच धावत गेलो.
भिंतीच्या पायाशी वीतभर रुंद,
तपकिरी, मऊ, वाहून आलेली माती.
माझ्यातल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या
काळजात धस्स झालं.

लिब्राडा आधीच बादली घेऊन उकिडवी बसली होती.
तीच माती तिने फावड्याने गोळा केली,
ओंजळभर पाणी घातलं, कालवली,
थापली होती तिथे परत.
"खाली जरा जाड लाव," म्हणाली,
आणि न्याहारीला घरी गेली.